पाच गावांचं मिळून एकच भूजल मंडळ काढावं का?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. सिन्नरच्या पूर्व भागात आमच्या ओढ्याच्या काठानं वरपासून खालपर्यंत पाच गावं आहेत. पाऊस बरा झाला तर पाचशे मिलिमीटर. संक्रांतीपर्यंत विहिरी साथ देतात, होळीनंतर मोटार अर्धा तास चालते आणि हवा घेते. मागच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला की दोनशे फुटांच्या खाली कुणी बोअर घ्यायचं नाही. टाळ्या पडल्या, चहा झाला. त्याच आठवड्यात वरच्या गावात बोअरच्या तीन गाड्या उभ्या. त्यांची शीव आमच्या माळाच्या पलीकडे, पाणी मात्र एकच.

म्हणून डोक्यात आलंय की गावोगाव ठराव करत बसण्यापेक्षा पाचही गावांचं एकच मंडळ काढावं. विहिरी-बोअरची नोंद, पातळी मोजणं, उन्हाळी पिकाला मर्यादा, नव्या बोअरची परवानगी, सगळं त्याच्याकडे. पट्टीही त्यानंच गोळा करायची. असं मंडळ कायद्यात बसतं का? आणि बसत असेल तर ते चालतं का, कुणी पाहिलंय?

फुकटचा_सल्ला
आधी अध्यक्ष कोण ते ठरवा. पाण्याचं बघू नंतर.

गोदाकाठ
+१. आणि उपाध्यक्ष दोन ठेवा, नाहीतर खालचं गाव रुसेल.

मुरूम_ते_पाषाण
नोकरी भूजलातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्यात बसतं. 1993चा जुना कायदा पिण्याच्या पाण्यापुरता होता. सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, टंचाई जाहीर झाली की जिल्हाधिकारी आसपासचा उपसा थांबवू शकतात, एवढंच. मग महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. नावात 2009, पण राष्ट्रपतींची संमती होऊन अंमल सुरू झाला 1 जून 2014 पासून. तुम्ही ज्याला मंडळ म्हणताय त्याला तिथे 'पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती' म्हटलंय. शासनानं क्षेत्र अधिसूचित करायचं, तिथे ही समिती नेमायची, आणि तिनं पाणी वापराचा नि पिकांचा आराखडा करायचा. अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई. म्हणजे तुमच्या ग्रामसभेचे दोनशे फूट आणि कायद्याचे 60 मीटर एकच. 2018 मध्ये नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघाला तेव्हा याच कलमांवरून गावोगाव ओरड झाली होती.

एक गोम आहे. राज्यात भूजलाच्या मोजदादीसाठी पंधराशेच्या वर पाणलोट आखले आहेत, म्हणजे एकेक सरासरी दोनशे चौरस किलोमीटरचा. तुमची पाच गावं त्याचा एक कोपरा. कायद्यातली समिती अख्ख्या पाणलोटाची असते. तुम्ही पाच गावांनी आपसांत केलेला करार ही वेगळी गोष्ट झाली. तो मोडला तर तहसीलदार तुमच्या बाजूनं धावून येईलच असं नाही.

ऊसवाली_ताई
सगळेच पाण्याचे पहारेकरी जमलेत, तर मी उलट बाजू मांडते. श्रीगोंद्याकडची आहे, ऊस आहे, लपवत नाही. विहीर सासऱ्यांनी खोदली, सोसायटीचं कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि मोटार किती वेळ चालवायची ते शेजारच्या गावचा माणूस ठरवणार? अशा समित्यांवर कोण बसतं ते पाहिलंय. ज्याची विहीर आधीच खोल तो पहिल्या खुर्चीत. बसल्या बसल्या पहिला ठराव काय, तर नव्या बोअरला बंदी. म्हणजे त्याचं पाणी कायमचं पक्कं झालं, आणि ज्या पोराला वाटणीत कोरडं रान आलं तो मेला. नव्यांना बंदी कुणीही करेल. जुन्या उपशाला हात लावून दाखवा, मग बोलू.

बांधावरचा
ताई, मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडेही ठरावाला सगळ्यात मोठ्यानं हो म्हणणाऱ्यांचे बोअर आधीच साडेचारशे फुटांवर आहेत.

टेक्सासचा_तात्या
मूळचा फलटणचा, हल्ली ऑस्टिनजवळ. ताईंनी लिहिलंय तेच भांडण इथं शंभर वर्षांच्या वर चाललंय, म्हणून लिहितो.

1904 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. डेनिसन गावात रेल्वे कंपनीनं मोठी विहीर खोदली आणि शेजाऱ्याची घरची विहीर आटली. कोर्ट म्हणालं, जमिनीखालून पाणी कसं वाहतं ते गूढ आहे, त्यावर नियम कसला करायचा. ज्याची जमीन त्यानं हवं तेवढं काढावं. शेजाऱ्याला एक डॉलर मिळाला नाही. तेव्हापासून टेक्सासात कायदा असा: जो उपसेल त्याचं. फोर्ट स्टॉकटनला कोमँचे झरे होते, त्यांच्यावर खालची शेती भिजायची. 1950च्या दशकात वरच्या अंगाला मोठे पंप बसले आणि झरे गेले. खालचे शेतकरी कोर्टात गेले, हरले.

त्या तत्त्वाला हात न लावता काढलेली पळवाट म्हणजे स्थानिक भूजल संवर्धन डिस्ट्रिक्ट. 1949 चा कायदा, आणि 1951 मध्ये लबॉकला, ओगलाला जलधरावर (जलधर म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर), पहिलं मोठं डिस्ट्रिक्ट उभं राहिलं. आता शंभराच्या आसपास आहेत. पद्धत अशी की विधिमंडळ कायदा करून ते निर्माण करतं, किंवा लोक अर्ज करतात, आणि मग बहुतेक ठिकाणी तिथल्या मतदारांनी मतदान करून त्याला मंजुरी द्यायची. संचालक निवडून द्यायचे, कर लावायचा की नाही तेही मतदानानं. काही ठिकाणी लोकांनी चक्क 'नको' म्हणून मतं दिली आणि डिस्ट्रिक्ट जन्मायच्या आधीच गेलं. अधिकार म्हणजे दोन विहिरींतलं अंतर, मोठ्या उपशाला परवाना, मीटर, अहवाल. घरगुती आणि गुराढोरांची विहीर सुटते. दहा एकरांपेक्षा मोठ्या तुकड्यावर दिवसाला 25,000 गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ 95 हजार लिटर, परवाना लागत नाही.

आता खोट कुठे, ते सांगतो. बहुतेक डिस्ट्रिक्टच्या हद्दी म्हणजे काउंटीच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या सरकारी विभागाच्या, हद्दी. जलधर चार काउंट्यांखालून जातो आणि वर चार वेगळी मंडळं, चार वेगळे नियम. एक मीटर लावतं, शेजारचं नाही. बांधावरचाभाऊ, तुमच्या वरच्या गावात गाड्या उभ्या राहिल्या तेच इथं काउंटीच्या पातळीवर होतं. 2005 मध्ये कायदा बदलून एकाच जलधरावरच्या डिस्ट्रिक्टना एकत्र बसून पन्नास वर्षांनी पातळी कुठे असावी ते ठरवायला लावलं, राज्याचे असे 16 भाग आहेत. ठिगळ आहे, पण निदान एका टेबलाशी बसतात. नेब्रास्कानं 1972 मध्ये पहिल्यापासून नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे हद्दी आखल्या, आता तिथे अशी 23 मंडळं आहेत. तिथे हे भांडण बरंच कमी.

अडाणी_इंजिनिअर
तात्या, मीटर लावल्यावर लोक ऐकतात? आमच्याकडे मीटरवर पोतं टाकतात.

टेक्सासचा_तात्या
इथं पोतं टाकत नाहीत, वकील लावतात. 2012 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जमिनीखालचं पाणी जागच्या जागी मालकाच्या मालकीचं, आणि उपशावर फार बंधनं घातली तर भरपाई मागता येईल. तेव्हापासून लहान डिस्ट्रिक्ट परवाना नाकारताना दहादा विचार करतात. वर्षाचं बजेट एका खटल्यात संपतं.

ऊसवाली_ताई
म्हणजे तिकडेही मोठ्याचंच खरं. बरं वाटलं वाचून :)

विज्ञाननिष्ठ_विठू
मूळ प्रश्नाशी संबंध नाही, पण तीन गाड्या आल्या तेव्हा पाणी कुणी दाखवलं? नारळवाला की तांब्याच्या तारवाला?

बांधावरचा
नारळवाला. तळहातावर नारळ उभा राहतो. तिन्ही जागी राहिला. दोन ठिकाणी साडेपाचशे फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडाली, तिसरीकडे लाल गेरूचा चिखल आला आणि खाली दीड इंच पाणी. गाडी तमिळनाडूची, दर फुटावर, कोरडं गेलं तरी पैसे तेवढेच.

फुकटचा_सल्ला
नारळ उभा राहतो तो गाडीवाल्याला बघून.

मुरूम_ते_पाषाण
विठू, अवांतर नाही ते. त्या तीन भोकांतच सगळं शास्त्र आहे. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक. वरचा मुरूम आणि पोकळ्या-भेगांचा मांजऱ्या पाणी धरतो, खालचा काळा पाषाण कोरडा. दोन थरांच्या मधे कधी गेरू लागतो, त्याच्या आसपास कुठे कुठे पाणी सापडतं. पण ते पाणी जुनं आणि थोडं असतं, भरायला वर्षं लागतात. दर पावसाळ्यात भरतं ते वरचं, साधारण साठ-सत्तर फुटांचं पाणी. बोअर दोन्ही थरांना भोक पाडतं आणि केसिंग (भोकातला पाइप) नीट नसेल तर वरच्या विहिरींचं पाणी त्याच भोकातून खाली गळतं. शेजाऱ्याची विहीर का आटली, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

वरुडचा_संत्रा
आमच्या वरुड-मोर्शीत येऊन पाहा भाऊ. संत्र्याचा पट्टा, अतिशोषितच्या, म्हणजे भरतं त्याहून जास्त पाणी उपसणाऱ्या भागांच्या, यादीत किती वर्षांपासून नाव. लोक डार्क झोन म्हणतात. बंदीचे कागद निघाले तर मशीन रात्री यायला लागली. दिवसा नारळ, रात्री मशीन. बोअर हजार फुटांच्या घरात गेले.

पण ताईसाहेब, संत्रा म्हणजे ऊस नव्हे. ऊस एक साल नाही लावला तरी चालते. संत्र्याचं झाड लावलं की मृग बहार घ्या नाहीतर आंबिया, उन्हाळ्यात ते जगवावंच लागते. बाग वाळली तर दहा-बारा वर्षं गेली. समितीनं मार्चमध्ये 'पाणी कमी करा' म्हटलं तर बागवाला काय करेल? टँकर आणेल, नाहीतर चोरून बोअर मारेल. म्हणून मंडळ काढायचं तर फळबागा वाढायच्या आधी काढा, मग नाही जमत.

अडाणी_इंजिनिअर
हे लाख बोललात. रावेर-यावलकडे केळीचंही तेच.

गोदाकाठ
एवढी चर्चा कशाला, हिवरे बाजार करून टाका. बोअर बंद, ऊस-केळी बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. झालं.

फुकटचा_सल्ला
आला हिवरे बाजार. पाण्याच्या प्रत्येक धाग्यात दहाव्या प्रतिसादाच्या आसपास येतोच.

सासवडची_सून
येऊ दे की. पण तिथल्या पोपटराव पवारांनी 1989 पासून आधी गाव बांधलं, ताळेबंद नंतर आला, हे लोक विसरतात. आणि ते एक गाव, एक ग्रामसभा. इथे प्रश्न पाच गावांचा आहे.

आमच्या पुरंदरचं सांगते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले, टेकडीच्या उतारावर माळरान घेतलं, पाणी अडवलं आणि त्यातून पाणी पंचायत निघाली. त्यातला नियम आजही कुणाला पचणार नाही: पाणी जमिनीप्रमाणे नाही, घरातल्या माणसांप्रमाणे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ताईंनी कोरड्या वाटणीच्या पोराचं विचारलं ना, त्याचं उत्तर इथं आहे. सासरी जुनी माणसं सांगतात की पाळीवरून भांडणं व्हायची, पण पाटकरी (पाणी सोडणारा माणूस) गटानं नेमलेला असल्यानं भांडण गटातच मिटायचं.

मुरूम_ते_पाषाण
सूनबाई, एक फरक नोंदवतो. त्या योजना मुख्यतः तलावातून उचललेल्या पाण्यावर होत्या. तिथे पाणी एका ठिकाणाहून निघतं, पाटकरी चावी बंद करू शकतो. भूजलाला चावीच नाही, दोनशे विहिरी म्हणजे दोनशे चाव्या. म्हणून तिथे चाललेलं इथे जसंच्या तसं चालणार नाही.

नांदेडचा_नाना
चाव्या दोनशे असूनही चाललेलं एक उदाहरण सीमेपलीकडचं आहे. आंध्रात 2003 नंतर काही वर्षं सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच भूजल मोजायचा प्रकल्प होता. दंड नाही, बंदी नाही. गावातले बाया-गडी विहिरींची पातळी आणि पाऊस मोजायचे, आकडे भिंतीवर रंगवायचे. रब्बीच्या आधी सगळे जमून हिशेब करायचे की यंदा जमिनीत पाणी इतकं, सगळ्यांनी भात लावला तर लागेल तितकं. मग ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी भात कमी झाला. आणि त्यांची एककं महसुली गावं नव्हती, ओढ्याची खोरी होती. पैसा बाहेरचा होता, तो आटल्यावर सगळीकडे तेवढा उत्साह टिकला नाही, हेही खरं.

बांधावरचा
नाना, हे पटतंय. म्हणजे आधी हिशेब, नियम नंतर. पण आमच्या पाच गावांचा हिशेब कोण मांडणार? सर, ढोबळ सांगता येईल का? क्षेत्र सगळं मिळून पाच हजार हेक्टर धरा.

मुरूम_ते_पाषाण
कागदाच्या पाठीवरचा हिशेब आहे, तेवढाच समजा.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. 500 मिलिमीटर आणि 5000 हेक्टर धरले तर अडीच हजार कोटी लिटर आभाळातून पडतं. बेसाल्टात त्यातलं दहाव्या हिश्शाच्या आसपास मुरतं असं धरू. म्हणजे 250 कोटी लिटर. पिण्याचं, गुरांचं आधी काढून ठेवा. आता ऊस. हेक्टरी वर्षाला दोन कोटी लिटर पाणी लागतं असं धरलं तर 100 हेक्टर उसाला 200 कोटी लिटर. पाच हजारांतले शंभर हेक्टर, दोन टक्के जमीन, आणि पाचही गावांचं मुरलेलं पाणी जवळजवळ संपलं.

ऊसवाली_ताई
सर, हिशेबात उसावर पडणारा पाऊस धरला नाहीत. दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं तेही नाही. आणि ठिबक? आमचा सगळा ऊस ठिबकवर आहे.

मुरूम_ते_पाषाण
ताई, मान्य. पाऊस आणि परतीचं पाणी धरून शंभराचे दीडशे हेक्टर म्हणा. ठिबकचं मात्र सांभाळून. ठिबकनं वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं तर बचत. त्यावर आणखी चार एकर लावले तर उपसा तेवढाच. मी पाहिलेल्या गावांत क्षेत्र वाढलेलंच दिसलं.

ऊसवाली_ताई
आमचंही वाढलं. दोन एकर. आता बोला.

अडाणी_इंजिनिअर
आणि शेततळ्याचं कुणी बोलत नाही. कागदावर पावसाचं पाणी साठवायला. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरून, डिसेंबरात विहिरीतून उपसून भरलेलं. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, त्यातलं थोडं वाफेनं जाणार. पण उपसणाऱ्याचं बरोबरच आहे, कारण त्यानं नाही काढलं तर शेजारी काढेल. त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, आणि सौरपंप तर दिवसभर फुकट. उपशाला खर्चच उरला नाही. तुमच्या मंडळानं कितीही पट्टी लावली तरी हे गणित कसं फिरवणार?

गोदाकाठ
मग बोला, वीज बंद करा. निवडणूक लढवून दाखवा त्या मुद्द्यावर.

अडाणी_इंजिनिअर
वीज बंद करा कोण म्हणतंय. मंडळाला उपसा दिसला तरी पुरे. प्रत्येक विहिरीवर मीटर नको, कुणी लावूही देणार नाही. पण पंपाची अश्वशक्ती, चालू तास, पिकाखालचं क्षेत्र ही नोंद गावात सगळ्यांना माहीतच असते. ती फक्त फळ्यावर आली पाहिजे.

वरुडचा_संत्रा
फळ्यावर आली की भांडण सुरू.

सासवडची_सून
व्हायलाच पाहिजे भांडण. आत्ता ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होतं, मग पाच गावांच्या बैठकीत होईल.

नांदेडचा_नाना
बांधावरचे, अटल भूजलमध्ये तुमची गावं आहेत का बघा. डिसेंबर 2019 ला जाहीर झालेली केंद्राची योजना, सात राज्यं, महाराष्ट्रातले 13 जिल्हे. त्यात ग्रामपंचायतवार जलसुरक्षा आराखडे केलेत. तुमच्या किंवा शेजारच्या गावाचा आराखडा तयार असला तर विहिरींची यादी आयती मिळेल. अर्थात तोही ग्रामपंचायतीच्या हद्दीत कापलेला.

बांधावरचा
सगळ्यांचे आभार. दोन दिवस फोनाफोनी केली, ती सांगतो. अटलमध्ये आमची गावं नाहीत. चार गावांचे सरपंच बसायला तयार. वरच्या गावाचे म्हणाले, येतो, पण बैठक तुमच्या देवळात नको, आणि बोअरबंदीचा विषय पहिल्या बैठकीत नको. मी म्हटलं, विषय एकच ठेवू: येत्या मे महिन्यात प्रत्येक गावातल्या दहा-दहा विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजायची. त्यावर हो म्हणाले. बैठक देवनदीकडे एका पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात ठरतेय. जुन्या बंधाऱ्यांचे पाट दुरुस्त करून ते लोक पाळी सांभाळतात, त्यांनाही ऐकता येईल.

ताई, तुमचा मुद्दा आमच्याच गावातल्या दोघांनी काढला, शब्दसुद्धा तेच. म्हणून मसुद्यात एक ओळ घातलीय: नव्या बोअरवर काही बंधन आलं तर त्याच दिवसापासून दोनशे फुटांखालच्या जुन्या बोअरनीही उन्हाळी पीक घ्यायचं नाही, फक्त उभी फळबाग जगवायची. ती ओळ टिकेल का, शंका आहे. साडेचारशे फूटवाले आत्ताच कुजबुजताहेत.

ऊसवाली_ताई
ती ओळ टिकली तर मी श्रीगोंद्यात तुमचा मसुदा वाटते. आणि टँकरवाल्याला बोलावलंय का? उन्हाळ्यात जो पाणी विकतो तो बैठकीत नसला तर बैठकीचा उपयोग नाही.

बांधावरचा
तो वरच्या गावच्या सरपंचांचा चुलतभाऊ आहे.

फुकटचा_सल्ला
अध्यक्ष सापडला.

टेक्सासचा_तात्या
हसू नका, आमच्याकडे संचालक मंडळात तसे निवडूनही येतात. बांधावरचे, एक सुचवतो. सभासद गावनिहाय घेऊ नका, ओढ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगानं घ्या. खालच्याला बोलायला जागा राहते.

मुरूम_ते_पाषाण
पातळी मोजताना मोटार आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा, नाहीतर उपशाची पातळी मोजाल आणि भांडण वाढेल. मोजमाप विहिरीच्या काठापासून करा, काठ जमिनीपासून किती उंच तेही लिहा. सरकारी भूजल यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते, तुम्हीही तेच महिने धरलेत तर त्यांच्या निरीक्षण विहिरींशी ताडून पाहता येईल. तुमच्या पाणलोटाचा क्रमांक जिल्हा कार्यालयात मिळेल, गोदावरी खोऱ्यातला असल्यानं 'जीव्ही'नं सुरू होणारा असेल. तो व्यनि (खाजगी निरोप) करा, नकाशावर पाच गावं कुठे बसतात ते पाहून सांगतो. मला वाटतं सहावंही एक गाव त्यात येत असणार.

बांधावरचा
येतं सर. कालच कळलं. त्यांच्या हद्दीत पोल्ट्रीचे दोन मोठे बोअर आहेत. व्यनि करतो.